‘काहून’ आणि ‘कायले’ : विश्वाचं उत्तर विज्ञानानं द्यायचं की देवानं?

दर वर्षी २६ मेच्या सुमाराला नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक लहानशी बातमी येते : आज सावली गायब होणार. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी जाऊन लपते. त्या दिवशी आमच्या गच्चीवर गल्लीतली पाच-सहा मुलं जमतात. कोणी बाटली उभी करतं, कोणी स्टीलचा ग्लास. शेजारच्या आजींचे पापड आणि कुरड्या तिथंच वाळत असतात, म्हणून मुलांच्या पायांवर नजर ठेवायला त्याही हजर असतात.

सावली गेली, दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्या अंगानं परत आली. मी मुलांना कारण सांगितलं : आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर आहे, सूर्य कर्कवृत्ताकडे, म्हणजे साडेतेवीस अंशांकडे निघालेला असतो, वाटेत एक दिवस तो बरोबर आपल्या माथ्यावरून जातो. परतीच्या वाटेवर जुलैत पुन्हा जातो, पण तेव्हा पावसाळी ढगांमुळे तो बहुधा दिसत नाही. मुलांना पटलं. मग त्यांच्यातला एक बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हे समजलं. पण सूर्य मुळात काहून हाय?”

मी तोंड उघडायच्या आधी आजी म्हणाल्या, “देवानं केला, अजून काहून?”

मुलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मंग खरं कोणाचं? तुमचं का आजीचं?”

मी त्याला ‘दोघींचंही आपापल्या जागी’ असं काहीतरी सांगून वाटेला लावलं. ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. ते चूक नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि बारा वर्षांच्या मुलाला अर्धवट उत्तर देऊ नये. म्हणून हे नीट मांडते आहे.

एका ‘का’मध्ये दोन प्रश्न

मराठीतला ‘का’ हा शब्द दोन वेगळी कामं करतो. कधी त्याचा अर्थ ‘कशामुळे’, कधी ‘कशासाठी’. आपल्या वऱ्हाडी बोलीत मात्र ‘काहून’च्या जोडीला ‘कायले’ आहे. बोलताना त्यांची सरमिसळ होते, तरी कान देऊन ऐकलं की फरक कळतो. “पंखा काहून बंद पडला?” याचं उत्तर : लाईन गेली. “पंखा कायले बंद केला?” याचं उत्तर : वाती वळून राहिली होती, कापूस उडत होता. पंखा तोच, तो थांबलाही तसाच. पहिल्या प्रश्नात कारण विचारलं आहे, दुसऱ्यात हेतू.

मारबत बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. एखादा इंजिनीअर तिचं संपूर्ण वर्णन करू शकेल : बांबूचा सांगाडा, वर कागद, रंग, इतकं वजन, इतक्या माणसांनी लावलेला जोर. मारबत पुढे सरकण्याचं एकही कारण त्यातून सुटणार नाही. पण ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे त्या वर्णनात कुठेच सापडणार नाही, आणि ते सापडल्याशिवाय माणसं हे का करतात ते कळणार नाही. इंजिनीअरचं उत्तर अपुरं नाही. त्याला दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

‘विज्ञान कसं ते सांगतं, धर्म कशासाठी ते सांगतो, दोघांत भांडण नाही’ असं म्हणणारे बहुतेक लेख इथेच थांबतात. मला इथे थांबता येत नाही. मारबतीला हेतू आहे हे मला ठाऊक आहे, कारण ती बांधणाऱ्यांना जाऊन विचारता येतं. विश्वाच्या बाबतीत विचारायचं कोणाला? प्रत्येक गोष्टीला ‘काहून’ असतं, म्हणून ‘कायले’ही असलंच पाहिजे असं नाही. वैशाखात गच्चीवरची धूळ उडून एका कोपऱ्यात साचते. तिथं साचण्याला कारण आहे, हेतू नाही. विश्व मारबतीसारखं आहे की त्या धुळीसारखं, हाच तर वाद आहे.

‘काहून’चं उत्तर कुठवर आलं आहे

विज्ञानाचं उत्तर थोडक्यात असं : सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आज दिसणारं सगळं विश्व अतिशय दाट आणि अतिशय तप्त अवस्थेत होतं. तेव्हापासून ते प्रसरण पावतंय आणि निवतंय. या प्रसरणाच्या सिद्धांताला महास्फोट म्हणतात. नाव फसवं आहे. बॉम्बसारखं कुठेतरी काही फुटलं आणि तुकडे रिकाम्या जागेत उडाले, असं झालेलं नाही. खुद्द जागाच ताणली गेली.

हे समजायला आजींचा पापड कामाला येतो. लाटीत मिऱ्याचे दाणे असतात. लाटत गेलं की प्रत्येक दाणा प्रत्येक दाण्यापासून दूर जातो. जे जवळ होते ते थोडे लांब जातात, जे आधीच लांब होते ते जास्त लांब. कुठल्याही दाण्यावर बसून पाहिलं तरी ‘बाकी सगळे माझ्यापासून पळतायत’ असंच दिसेल. दाणे स्वतः मोठे होत नाहीत, मधली जागा वाढते. दाण्यांच्या जागी दीर्घिका ठेवा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह. एडविन हबल यांनी १९२९मध्ये निरीक्षणांतून दाखवलं ते हेच : जी दीर्घिका जितकी दूर, ती तितक्या वेगानं दूर जाते. दाखला एकाच ठिकाणी तोकडा पडतो. पापड पोळपाटावर पसरतो, विश्वाला बाहेरून पोळपाट नाही.

दीर्घिकांचं हे दूर पळणं हा पहिला पुरावा. आता दुसरा. नागपूरच्या मे महिन्यात रात्री दहा वाजता अनवाणी गच्चीवर गेलात तर स्लॅब पायाला लागतो. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी दिवसभराचं ऊन स्लॅबमध्ये शिल्लक असतं. ज्यानं दिवस पाहिलाच नाही त्यालाही स्लॅबला हात लावून सांगता येईल की इथे थोड्या वेळापूर्वी काहीतरी तापलं होतं. विश्वाचंही तसंच आहे. सुरुवातीनंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं निवलं की प्रकाश मोकळा फिरू लागला. तो प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतो, फक्त ताणला जाऊन सूक्ष्मलहरी झाला आहे. त्याचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन हे दोघे एका अँटेनावर काम करत असताना त्यांना न जाणारी खरखर ऐकू येत होती. त्यांनी अँटेनातली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली, खरखर गेली नाही. १९६५मध्ये उलगडा झाला की ती विश्वाची उरलेली ऊब होती.

तिसरा पुरावा मोजमापाचा. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम किती बनायला हवा हे गणितानं काढता येतं : वजनानं सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम. आकाशात जुन्या वायूच्या ढगांत मोजलं की जवळपास तेवढंच निघतं.

या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून न राहता एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

आता जे कळलेलं नाही तेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाच्या मागे आपलं गणित चालत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाचे नियम आणि अणूच्या आतले नियम तिथे एकत्र लागतात आणि दोघांची सांगड अजून बसलेली नाही. शिवाय विश्वातला सुमारे ९५ टक्के ऐवज कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा या नावांनी ओळखला जातो, आणि ही नावं म्हणजे अजून न उलगडलेल्या गोष्टींना लावलेल्या चिठ्ठ्या आहेत. आपण ज्याचे बनलो आहोत ते द्रव्य जेमतेम पाच टक्के.

‘पण हा नुसता सिद्धांतच ना?’

रोजच्या बोलण्यात सिद्धांत म्हणजे अंदाज. विज्ञानात सिद्धांत म्हणजे पुराव्यांना एकत्र बांधणारी आणि रोज परीक्षेला बसणारी रचना. ही परीक्षा किती मोकळी असते याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आयुष्यभर महास्फोटाला पर्याय मांडला. विश्वाला सुरुवात नाही, ते सतत आहे, अशा बाजूनं ते गणित करत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. तरीही कोणी त्यांना पाखंडी ठरवलं नाही. पुण्यात त्यांनी आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि तिथे महास्फोट मानणारेही सन्मानानं काम करत राहिले. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा त्यांच्या मताशी न जुळणाऱ्यांनाही आपला माणूस गेल्यासारखं वाटलं. मतभेद असा सांभाळता येतो, हे मला सिद्धांताइतकंच मोलाचं वाटतं.

एका धर्मगुरूनं पोपना सावध केलं

महास्फोटाची मूळ कल्पना ज्यांनी मांडली ते जॉर्ज लेमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, नंतर गणित आणि भौतिकी शिकले, १९२३मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली. १९२७मध्ये, हबल यांच्या निबंधाच्या दोन वर्षं आधी, त्यांनी आइनस्टाइनच्याच समीकरणांतून दाखवलं की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे. त्याच वर्षी आइनस्टाइन भेटले तेव्हा त्यांनी साधारण असं सुनावलं की गणित बरोबर आहे, पण भौतिकी अजिबात पटत नाही. पुढे निरीक्षणं आली आणि आइनस्टाइनना मत बदलावं लागलं. १९३१मध्ये लेमेत्र यांनी पुढचं पाऊल टाकलं : सगळं एका आदिम अणूसारख्या अवस्थेतून सुरू झालं.

धर्मगुरूनंच विश्वाला सुरुवात आहे म्हटल्यावर अनेकांना शंका आली की हा मागच्या दारानं देव आत आणतोय. हॉईल यांना तर सुरुवात ही कल्पनाच रुचत नव्हती. १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनीच या कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव दिलं.

मग १९५१चा नोव्हेंबर आला. पोप पायस बारावे यांनी जाहीर भाषणात म्हटलं की आधुनिक विज्ञान सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देत आहे. कुठल्याही धर्मगुरूला हा आनंदाचा दिवस वाटला असता. लेमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं असं होतं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे. तो मानून नास्तिक नास्तिक राहू शकतो आणि आस्तिक आस्तिक. उद्या सिद्धांत बदलला तर काय, देवही बदलायचा? त्यांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवलं. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

या माणसाबद्दल मला फार आदर आहे. आपल्या श्रद्धेला फायदा होत असताना ‘हा पुरावा वापरू नका’ म्हणणं किती अवघड असतं, याचा विचार करून बघा. जून १९६६मध्ये ते वारले, त्याच्या थोडंच आधी त्यांना त्या खरखरीच्या शोधाची बातमी कळली.

असा दुहेरी माणूस आपल्या गावातही होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. धर्मप्रसाराबरोबर त्यांनी इथले खडक आणि जीवाश्म गोळा केले, त्यावर लिहिलं, आणि १८६३मध्ये नागपूरजवळच पाण्यात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, कामठीचा वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना. टेकडीवर आज गणपती आहे. तिथं हात जोडताना पायाखालच्या दगडाचं वय खोटं पडत नाही.

फटीत बसवलेला देव

गडबड कुठे होते ते आता सांगते. ‘काहून’चं उत्तर सापडत नाही, तेव्हा त्या रिकाम्या जागी देवाला बसवलं जातं. ही जागा भाड्याची असते. खरा भाडेकरू आला की देवाला उठावं लागतं.

न्यूटनना वाटत होतं की ग्रह एकमेकांना ओढतात त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला अधूनमधून त्या नीट कराव्या लागतील. शंभरेक वर्षांनी फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी गुरू आणि शनी यांच्या गतीतला मोठा गोंधळ गणितानं सोडवला : तो ठरावीक काळानं उलटा फिरतो, आपोआप भरून निघतो. देवाकडे सोपवलेलं काम गुरुत्वाकर्षणानंच केलं होतं.

जवळचं उदाहरण लोणारचं. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. लॉकडाऊनचे दिवस, मोबाईलवर फोटो फिरू लागले, कोणी प्रकोप म्हणालं, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. क्षार खूप असलेल्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यात होते, त्यांचा रंगच गुलाबी. पाऊस आला, खारटपणा उतरला, रंग गेला. खुद्द सरोवराची गोष्ट आणखी मोठी आहे. विष्णूनं लवणासुराला मारलं ती ही जागा, असं कथा सांगते, आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच कथेचं. १९७०च्या दशकात तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानं बनणारी काच सापडली आणि उल्कापाताची खात्री पटली. कथा मात्र गेली नाही. जाण्याचं कारणही नव्हतं. ती खड्ड्याची मापं सांगायला आलीच नव्हती. माणसाला छळणारं काहीतरी मेलं, हे सांगायला आली होती.

‘हे सगळं आपल्या पुराणांत आधीच आहे’

हा आक्षेप व्हॉट्सअॅपवर सगळ्यांत जास्त येतो. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं, पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे ऋषींना माहीत होतं, असा हिशेब. पण कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, पृथ्वीचं वय नव्हे. परंपरेच्याच गणितानं चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षंच झाली आहेत. जुळणारा आकडा उचलायचा आणि त्याच पानावरचा न जुळणारा झाकायचा, हा परंपरेचा मान नाही.

खरा मान वेगळ्या जागी आहे. युरोपात सतराव्या शतकात एक बिशप विश्वाची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४मध्ये धरत होता, तेव्हा आपल्याकडे कोटींच्या भाषेत काळाची कल्पना करण्याची हिंमत शेकडो वर्षांपूर्वीच झालेली होती. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की हे सगळं कुठून आलं ते परम आकाशातून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नसेल. इतक्या जुन्या काळी प्रश्न असा उघडा सोडणं मला कुठल्याही जुळलेल्या आकड्याहून मोठं वाटतं.

घडा, कुंभार आणि वारूळ

“घडा आहे तर कुंभार असणारच. मग एवढं विश्व आपोआप कसं?” हा प्रश्न आजींचा आहे, आणि दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांचाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेत, ईश्वर सिद्ध करायला हा युक्तिवाद फार कसून वापरला गेला : जे कार्य आहे त्याला कर्ता असतो.

त्याला उत्तर उदयनांच्याही आधी, सातव्या शतकाच्या सुमाराला, बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्तींनी देऊन ठेवलं होतं. घडा मातीचा, म्हणून त्याला कुंभार असेल, तर वारूळही मातीचंच आहे. तेही कुंभारानं केलं म्हणायचं का? घड्यामागे कुंभार असतो हे आपल्याला माहीत आहे, कारण आपण कुंभाराला घडा करताना पाहिलं आहे. विश्व घडताना कोणी पाहिलं नाही, आणि तुलनेला दुसरं विश्व हाताशी नाही.

यावर लगेच पुढचा सवाल येतो : मग देवाला कोणी घडवलं? नास्तिक मित्रांना हा विजयी टोला वाटतो. तो तसा नाही. विचारी आस्तिक देवाला घडवलेली वस्तू मानतच नाही. तो म्हणतो, कारणांची साखळी कुठेतरी थांबायला हवी, माझी देवापाशी थांबते. नास्तिक म्हणतो, माझी विश्वापाशी किंवा त्याच्या नियमांपाशी थांबते. दोघंही थांबतात. देव मध्ये आणल्यानं साखळी एका कडीनं लांबली, ‘कशामुळे’च्या हिशेबात नवं काही हाती लागलं नाही, असं माझं मत आहे.

विज्ञानाच्या बाजूनंही एक घाई होते. ‘विश्व शून्यातून आपोआप येऊ शकतं, विज्ञानानं दाखवलं’ असं काही वेळा सांगितलं जातं. त्या शून्यात पुंजभौतिकीचे, म्हणजे अणूहून सूक्ष्म जगाचे नियम आधीच असतात. बँकेच्या खात्यात शून्य रुपये असणं आणि खातंच नसणं यात फरक आहे. शून्य शिल्लक असलेल्या खात्याला बँक लागते, पासबुक लागतं, नियम लागतात. ते नियम कुठून आले, हा प्रश्न उभाच राहतो.

‘इतकी अचूक जुळणी आपोआप?’

सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत जड वाटतो. निसर्गातले काही आकडे, उदाहरणार्थ गुरुत्वाकर्षणाची ताकद किंवा अणूच्या केंद्रातल्या बलाची ताकद, थोडे इकडेतिकडे असते तर तारे किंवा रसायनं बनली नसती. याला सूक्ष्मजुळणी म्हणतात.

आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजला आहे, तीन हेलियम अणुकेंद्रं एकत्र येऊन. पण साध्या हिशेबानं हे इतकं क्वचित घडायला हवं की कार्बन जवळपास बनूच नये. १९५३मध्ये हॉईल यांनी उलटा विचार केला : विश्वात एवढा कार्बन आहे, म्हणजे कार्बनच्या केंद्राला एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत शोधलं, आणि ती सापडली. हे करणारा माणूस तोच, ज्याला विश्वाची सुरुवातही नकोशी होती. त्या पातळीनं तोही हलला.

याचं उत्तर काय? कोणी म्हणतं, असंख्य विश्वं आहेत, आकडे प्रत्येकाचे वेगळे, आपण जुळलेल्या विश्वात आहोत कारण दुसरीकडे असूच शकत नव्हतो. यालाच बहुविश्व म्हणतात, पण त्याचा पडताळा आजवर आलेला नाही. कोणी म्हणतं, हे आकडे असेच का, ते सांगणारा खोल नियम अजून सापडायचा आहे. कोणी म्हणतं देव. मी इथे हात वर करते, पण एका गोष्टीवर ठाम आहे : ‘हे योगायोगानं होण्याची शक्यता इतक्या कोटींत एक’ असं जे छातीठोक सांगतात, त्यांचं ऐकू नका. समोर पत्त्यांचा एकच डाव वाटलेला आहे. कॅटमध्ये पानं किती, किती वेळा वाटली गेली, दुसरं कुठलं पान येऊ शकत होतं का, यातलं काहीच माहीत नसताना शक्यता काढता येत नाही.

दीक्षाभूमीवरून पाहिलं तर

‘विज्ञान की देव’ हा प्रश्नच अपुरा आहे, हे नागपूरकरानं तरी विसरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्मात सृष्टिकर्ता नाही. आजही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जे लोक दूरदूरून येतात, त्यांच्या निष्ठेत काही उणं नाही, आणि तिला विश्वाच्या निर्मात्याची गरज पडत नाही. जैन दर्शनात निर्माता नाही. जुन्या सांख्य आणि मीमांसा या दर्शनांतही ईश्वराशिवाय चालतं.

विश्व शाश्वत आहे की नाही, अशा प्रश्नांना बुद्धांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोण, धनुष्य कुठल्या लाकडाचं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा तसाच मरेल. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे धनुष्य कुठल्या लाकडाचं हे मला कळायला हवंच असतं. पण आधी बाण काढायचा, हा क्रम मला पटतो.

मग श्रद्धा कशाचं स्पष्टीकरण देते?

माझं उत्तर सरळ आहे. विश्व कसं घडलं याचं उत्तर श्रद्धा देत नाही, आणि तिनं ते देण्याचा आग्रह धरू नये. ते काम ज्याला पडताळता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं, त्याचंच आहे. पण विश्व निरर्थक आहे हे विज्ञानानं सिद्ध केलं, असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. अर्थ मोजणारं उपकरण नाही. दुर्बिणीतून हेतू दिसला नाही, यावरून दुर्बीण हेतू शोधायला बनवलेली नव्हती एवढंच कळतं.

आजारी मुलाला घेऊन आई दवाखान्यातही जाते आणि ताजबागेच्या दर्ग्यातही. दवाखान्यात तिला ‘ताप काहून’ याचं उत्तर मिळतं. ताजबागेत ती ताप समजून घ्यायला जात नाही. आपण एकटी नाही एवढं तिला तिथं मिळतं, आणि रात्र निघते. पण ती फक्त ताजबागेत गेली तर मी तिचा हात धरून दवाखान्यात नेईन. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ गेला आणि माणूस हातचा गेला, ही गोष्ट आपल्या विदर्भातल्या शेतांमध्ये फार जणांनी पाहिली आहे. सर्पदंशावर उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, ते याचसाठी. ‘कायले’चं उत्तर ‘काहून’च्या जागी चिकटवलं की माणसं मरतात. म्हणून हा फरक मी पोरांना शिकवते, तो काही शब्दांचा खेळ नाही.

त्या दिवशी रात्री वाळवण आत घ्यायला आजी वर आल्या तेव्हा मीही वर गेले. स्लॅब अजून तापलेला होता. तो मुलगा चप्पल काढून उभा होता, विश्वाच्या उरलेल्या उबेची गोष्ट मी त्याला तिथंच सांगितली. तो मन लावून ऐकत होता. म्हणाला, “मंग त्याच्या आधी काय होतं?” मी म्हटलं, माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही.

आजी पापड मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ते त्याच्याच्यानं शोधून होईन. तू त्याले नीट शिकव. मले नाही समजलं तरी चालते, माह्या देवाचं काही अडत नाही.”

मुलगा खाली बसला आणि तळहात स्लॅबवर टेकवून बराच वेळ तसाच राहिला.